गरम पातेलं कुणाच्या हातात?

काही घरांत बाई बोलत नाही, भांडी बोलतात. सकाळी ओट्यावर पातेली आदळू लागली, डब्यांची झाकणं जरा जास्तच जोरात बसू लागली, की घरातली शहाणी माणसं वर्तमानपत्रात तोंड खुपसतात. काय झालं म्हणून कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असतं, "कुठं काय? काही नाही!" आणि गंमत अशी, की त्या बाईला स्वतःलाही पुष्कळदा तसंच वाटत असतं. आपण रागावलो आहोत हे भांड्यांना कळलेलं असतं, भिंतीपलीकडच्या शेजारणीला कळलेलं असतं. कळायचं राहिलेलं असतं ते फक्त आपल्याला.

मैत्रिणींनो, आज ह्या 'काही नाही'चाच समाचार घ्यायचा आहे.

आपलं मन आपल्याला न विचारता स्वतःची राखण करत असतं. जे सोसत नाही ते ते नजरेआड करतं, नाहीतर त्याला दुसराच मुखवटा चढवतं, नाहीतर भलत्याच ठिकाणी नेऊन टाकतं. मानसशास्त्रात ह्या युक्त्यांना 'संरक्षण यंत्रणा' म्हणतात. व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड ह्यांनी १८९४ साली एका लेखात ही कल्पना मांडली. पण एकेक युक्ती वेगळी काढून, तिला नाव देऊन नीट मांडणी केली ती त्यांच्या धाकट्या मुलीनं. ॲना फ्रॉइड ह्या सुरुवातीला शाळेत शिक्षिका होत्या, पुढं लहान मुलांच्या मनाचा अभ्यास हेच त्यांचं काम झालं. १९३६ साली वडिलांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांनी ह्याच विषयावर स्वतः लिहिलेलं पुस्तक त्यांना भेट दिलं. फ्रॉइडसाहेबांच्या कितीतरी मतांवर नंतर वाद झाले, काही मतं बाजूला पडली. पण मुलीच्या त्या पुस्तकातल्या युक्त्या मानसोपचारतज्ज्ञ आजही वापरतात.

नावं परकी असली तरी माल मात्र आपल्या ओळखीचा आहे. मांजर डोळे मिटून दूध पितं, कोल्ह्याला द्राक्षं आंबट, वड्याचं तेल वांग्यावर, आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं पाहायचं वाकून... आपल्या आज्यांनी हा सगळा विषय म्हणींत बांधूनच ठेवला होता की!

फडकं कशासाठी?

एक गोष्ट आधीच सांगते. ह्या युक्त्या म्हणजे ढोंग नव्हे, आणि त्या फक्त कमकुवत मनाचीच माणसं वापरतात असंही नाही. आपण सगळ्याच जणी त्या रोज वापरतो.

शेगडीवरचं उकळतं पातेलं उतरवताना आपण हातात फडकं घेतो. फडक्यानं पातेलं गार होत नाही. हात भाजत नाही, आणि पातेलं कुठं ठेवायचं ते बघायला जरा वेळ मिळतो, एवढंच. मनाच्या युक्त्या म्हणजे असलंच फडकं. घरात अचानक कुणी गेलं, की पहिला शब्द तोंडातून निघतो, "छे, शक्यच नाही!" मग ती बाई दहा-बारा दिवस यंत्रासारखी वावरते. आल्यागेल्याचं बघते, अंथरुणं मोजते, औषधांची बिलं फाइलला लावते. कुणी म्हणतं, किती धीराची! कुणी म्हणतं, डोळ्याला पाणी नाही हिच्या! दोघींनाही कळलेलं नसतं. तिचं मन झेपेल तेवढंच आत घेत असतं. तेरावं होतं, पाहुणे पांगतात, आणि एक दिवस गिरणीत नेहमीच्या सवयीनं दोघांचं दळण टाकताना तिला एकदम रडू फुटतं. मनानं आपलं काम चोख केलेलं असतं.

चुकतं ते ह्याच्या पुढं. पातेलं खाली ठेवायचं सोडून आपण ते तसंच धरून महिनोन्‌महिने घरभर हिंडतो. नाहीतर समोर जो सापडेल त्याच्या उघड्या हातात देऊन मोकळ्या होतो. आणि समोर सापडणारं माणूस बहुधा आपल्याहून लहान असतं, आपल्याला उलट न बोलणारं असतं. म्हणून कुठलीही युक्ती चांगली की वाईट, हे ठरवायला मला एकच प्रश्न पुरेसा वाटतो: आता हे गरम पातेलं कुणाच्या हातात आहे?

हा प्रश्न घेऊन आपण चार-पाच युक्त्या पाहू.

वड्याचं तेल वांग्यावर

दुपारी जेवताना सासूबाई सहज बोलून जातात, "धाकटीनं बघ कसा संसार केला! स्वतःचा फ्लॅट झाला." आपण हसून भाजी वाढतो. मनात काही आलंय हे आपल्यालाही जाणवत नाही. संध्याकाळी मुलगा गृहपाठाची वही पुढं करतो आणि त्याचं अक्षर बघून आपलं डोकंच फिरतं. "हे अक्षर आहे? कावळ्याचे पाय बरे!" वही भिरकावली जाते, एक धपाटाही बसतो.

ह्याला शास्त्रात 'विस्थापन' म्हणतात. रागाची जागा बदलली. जिथं बोलायची सोय नव्हती तिथून राग उठला आणि जिथं बोललेलं चालतं तिथं जाऊन बसला. भांडी आपटली तर फार तर एखाद्या पातेल्याला पोचा पडेल. पण मुलाला फ्लॅटचं प्रकरण ठाऊक नसतं. त्याला एवढंच कळतं, की आपल्या अक्षरामुळं आई अशी झाली. असं वरचेवर झालं की मूल आईचा चेहरा वाचून मगच तोंड उघडायला शिकतं. कामाला येणाऱ्या बाईंची गत अशीच होते. फरशीचा कोपरा काल जेवढा पुसला होता तेवढाच आजही पुसलेला असतो, दिसतो मात्र आजच.

कळल्यावर करायचं काय? एक वाक्य पुरतं. मुलाला जवळ घेऊन सांगायचं, "मघाशी मी ओरडले ते तुझ्या अक्षरामुळं नव्हे. मला दुसऱ्याच गोष्टीचा राग आला होता." त्यानं आईचा मान कमी होत नाही. उलट राग कुठून येतो आणि कुठं जातो, हा धडा मुलाला घरबसल्या मिळतो.

मनातलं चांदणं

दुसरी युक्ती 'प्रक्षेपण'. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ना, तसलाच हा प्रकार. आपल्या मनात जे असणं आपल्यालाच आवडत नाही, ते आपण समोरच्याच्या मनात आहे असं धरून चालतो. शेजारणीच्या मुलीला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आपल्याला जरा लागलं, पण 'मी काही तसली नाही' असं मन म्हणतं. मग आठवड्याभरात आपण बहिणीला फोनवर सांगत असतो, "हल्ली ती माझ्यावर फार जळते गं!"

दर वेळी असंच असतं असं नाही. जगात जळणारी माणसंही असतात. पण कुणाबद्दल तेच ते आपण तिसऱ्यांदा सांगत असलो, तर क्षणभर थांबून बघावं, की ही भावना आधी कुणाच्या घरात उगवली?

कोल्ह्याची वकिली

तिसरी युक्ती आपल्याला फार जवळची: 'समर्थन'. मन वकील होतं आणि आपल्याच बाजूनं केस चालवतं. नोकरीची मुलाखत चांगली झाली नाही, की "बरंच झालं, जाण्यायेण्यातच चार तास गेले असते." अशी वकिली पुष्कळदा निरुपद्रवी असते. तिनं रात्री झोप लागते.

पण हाच वकील कधी कधी घातकी ठरतो. "हात उचलतो, पण मनानं वाईट नाही." "प्यायल्यावरच असं करतो, एरवी देवमाणूस आहे." "माझंच तोंड जरा फटकळ आहे." ही वाक्यं अगदी शिकलेल्या, कमावत्या बायकांच्या तोंडूनही निघतात. ती का निघतात हे समजण्याजोगं आहे. ज्या घरात राहायचंय, ज्या माणसाच्या शेजारी झोपायचंय, त्याला रोज वाईट म्हणत जगता येत नाही. म्हणून मन त्याची बाजू मांडतं. पण विचारा तो प्रश्न. पातेलं आता कुणाच्या हातात आहे? तुमच्या. आणि दाराआडून बघणाऱ्या मुलांच्या. मारहाणीला कसलंच कारण पुरेसं नसतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शरीराच्या मारहाणीबरोबर मानसिक छळ, शिवीगाळ आणि पैशाची अडवणूकही धरली आहे. १८१ हा स्त्रियांसाठीचा मदतीचा फोन आहे. तो लावला म्हणजे संसार मोडला असं नव्हे. निदान एका माणसापुढं वकिली बंद करून खरं बोललो, एवढं तरी होतं.

"मला काय धाड भरलीय!"

आता चौथी, आणि माझ्या मते आपल्या बायकांत सगळ्यांत धोक्याची: 'नकार'.

अंघोळ करताना छातीत एक गाठ हाताला लागते. वाटाण्याएवढी. दुखत नाही. क्षणभर पोटात खड्डा पडतो. आणि दुसऱ्याच क्षणी मन फडकं पुढं करतं, "दुखत तर नाही, म्हणजे काही नसेल." आठ दिवसांनी, "पाळीमुळं असेल." मग, "नणंदेचं लग्न तोंडावर आलंय, ते एकदा पार पडू दे." मग गणपती, मग मुलाची दहावी, मग दिवाळी. चेहरा ओढलेला दिसला म्हणून कुणी विचारलंच, तर "मला काय धाड भरलीय!" ह्यातलं प्रत्येक कारण आपापल्या जागी खरं असतं. लग्न खरोखरच असतं, दहावीही असते. म्हणून तर ही युक्ती पकडता येत नाही.

आता ह्यातलं खरं-खोटं निवडू. छातीत लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे खरं. पण दुखत नाही म्हणजे काळजीचं कारण नाही, हे साफ खोटं. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. आपल्या देशातल्या बायकांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. आणि लवकर कळलं तर उपचार सोपे होतात, गुणही चांगला येतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ साली एक मोठी पाहणी सुरू केली. मुंबईच्या वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका त्यात होत्या. त्यांतल्या एका गटाची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी करत. यंत्र नाही, सुई नाही, नुसत्या हातानं केलेली तपासणी. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या पायरीवर सापडत होता, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत ह्या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. जाणत्या हातांना वेळेवर दाखवलं, एवढ्यानं हा फरक पडला!

तेव्हा भीती जाईल मग डॉक्टरांकडे जाईन, असं म्हणू नका. भीती जाणार नाही. तिला बरोबर घेऊनच जा. गाठ हाताला लागली त्याच दिवशी घरातल्या एका तरी माणसाला सांगा – नवऱ्याला, बहिणीला, मोठ्या मुलीला – आणि त्याच आठवड्यात दाखवा. एकटीच्या गुपितात नकार फार जोमानं वाढतो, दुसऱ्याला सांगितलं की त्याचा जोर निम्मा होतो. छातीतल्या गाठीचं सांगितलं ते अंगावरून वेळीअवेळी जाण्याचं, पाळी गेल्यावर पुन्हा दिसणाऱ्या रक्ताचं, दोन जिने चढताना लागणाऱ्या धापेचंही तेच. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा आपल्याला पाठ असतात. आपलं पातेलं मात्र आपण मुकाट्यानं आपल्याच देहाच्या हातात देऊन ठेवतो.

भुताची गोष्ट

ॲना फ्रॉइड ह्यांच्या पुस्तकात एका छोट्या मुलीची हकीकत आहे. घरातल्या अंधाऱ्या खोलीतून पलीकडे जायची तिला भीती वाटे, भूत असेल म्हणून. एक दिवस तिला तोड सापडली. चित्रविचित्र हातवारे करत ती त्या अंधारातून धावत जाऊ लागली. मग मोठ्या ऐटीत तिनं धाकट्या भावाला गुपित सांगितलं, की घाबरायचं काहीच कारण नाही. जे भूत आपल्याला भेटेल असं वाटतं, ते आपणच आहोत असं समजायचं!

आहे की नाही मजा? ज्याची भीती वाटते त्याच्यासारखंच होऊन जायचं, म्हणजे भीती संपली. शास्त्रात ह्याला 'आक्रमकाशी तादात्म्य' असं अवजड नाव आहे. लहान मुलाला दवाखान्यात इंजेक्शन दिलं, की घरी येऊन ते बाहुलीला टोचत बसतं, तेही हेच.

आता ही गोष्ट आपल्या घरात आणून बघा. नवी सून घरात येते. तिच्या उठण्याची वेळ मोजली जाते, भाकरीचा काठ तपासला जातो, माहेरी जायला परवानगी लागते. ती रात्री उशीत तोंड घालून रडते आणि स्वतःशी म्हणते, माझ्या सुनेला मी असं कधी करणार नाही. पंचवीस वर्षं जातात. तिच्या घरात सून येते. आणि एके सकाळी तिच्याच तोंडून शब्द निघतात, "आमच्या वेळी नव्हतं बाई असं! सूर्य उगवायच्या आत सडा झालेला असायचा." आवाज तिचा, शब्द तिच्या सासूचे. भाकरीच्या जागी आता मोबाइल आला असेल, सड्याच्या जागी ऑफिसची वेळ आली असेल, पण भूत तेच.

ती वाईट बाई नसते. अंधाऱ्या खोलीतून जाताना जगण्यासाठी तिनं जे शिकून घेतलं होतं, तेच ती करत असते. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, असं आपण मोठ्या न्यायानं म्हणतो. पण सुनेचे चार दिवस येतात तेव्हा वसुली होते ती पुढच्या सुनेकडून, आणि पातेलं एका पिढीच्या हातातून दुसऱ्या पिढीच्या हातात जातं.

ह्या युक्तीची एक खूण सांगते. "आम्ही नाही का सोसलं?" हे वाक्य ओठांवर आलं की थांबायचं. तेव्हा आपल्याला कसं वाटलं होतं ते आठवायचं. सोसलं हे नुसतं आठवत असतं, दुखलं हे आपण विसरलेलो असतो. एखाद्या निवांत दुपारी ते दुखणं सुनेलाच सांगता आलं तर फारच चांगलं. "मला ह्या घरात पहिलं वर्ष फार जड गेलं होतं बघ," एवढ्यानं सुद्धा घरातली हवा बदलते.

चांगली फडकीही असतात

मग मनानं स्वतःला वाचवायचंच नाही का? वाचवायचं. फक्त त्यासाठी जरा बरं फडकं वापरायचं.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली २६८ विद्यार्थ्यांची पाहणी सुरू झाली. त्यांची नोकरी, लग्न, आजारपण, संकटं, सगळ्याची नोंद पुढं पार म्हातारपणापर्यंत ठेवली गेली. (सगळे पुरुषच! त्या काळी बायकांची अशी नोंद ठेवावी असं कुणाला सुचलं नसावं.) डॉ. जॉर्ज व्हेलंट ह्यांनी ह्या नोंदींवरून १९७७ साली एक पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं, की अडचणी सगळ्यांच्याच वाट्याला येतात. कोण त्यांना कसं तोंड देतं ह्यावर पुढचं बरंच ठरतं. त्यांनी ज्या युक्त्यांना परिपक्व म्हटलं, त्या पाच आहेत आणि पाचही आपल्या घरात सापडतात.

पहिली विनोद. पाहुणे दारात आणि वरणाला करपल्याचा वास, अशा वेळी स्वतःवर हसता येणं. टोमणा म्हणजे विनोद नव्हे हं. टोमण्यात पातेलं हसत हसत दुसऱ्याच्या अंगावर उपडं केलेलं असतं. दुसरी पूर्वतयारी. मुलगी शिकायला परगावी जाणार, घर खायला उठणार, हे आधीच ओळखून त्या महिन्यांसाठी काही ठरवून ठेवणं. तिसरी परोपकार. आपल्याला जे मिळालं नाही ते दुसऱ्याला मिळावं म्हणून झटणं. ज्या सासूला माहेरी जायला मिळालं नाही, तीच सुनेची बॅग भरून देते, तेव्हा ती भूत होत नाही, भूत घालवते.

चौथी मनाला मुरड घालणं. इथं जरा जपून. मुरड घालणं आणि गिळून टाकणं ह्यांत फरक आहे. वैद्यानं औषध दिलं आणि बजावलं, घेताना माकड आठवायचं नाही. मग काय, दर वेळी माकडच पुढं! ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. अमेरिकेतल्या डॅनियल वेगनर ह्या मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली तिचा जणू प्रयोगच करून दाखवला. त्यानं विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच तर घंटी वाजवायची. घंटी वाजत राहिली! तेव्हा 'विचारच करायचा नाही' असं मनाला सांगून भागत नाही. 'आता नाही, रात्री मुलं झोपल्यावर' असं सांगितलं तर ते ऐकतं. मात्र रात्री तो विषय खरंच काढायला हवा. दोनदा फसवलं की मन तिसऱ्यांदा विश्वास ठेवत नाही.

पाचवी 'उदात्तीकरण'. दुःखाला कामाची, कलेची वाट करून देणं. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचं बाळ अवघ्या दहा दिवसांत गेलं. त्या दुःखानं त्यांना वैद्यकाकडे वळवलं, आणि १८८६ साली अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या. इतकं मोठं काही आपल्या हातून व्हायलाच हवं असं नाही. आपल्या खेड्यापाड्यातल्या बायका पहाटे जात्यावर काय करत होत्या? सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेल्या लेकराची आठवण, जे कुणाला सांगायची सोय नव्हती ते ओवीत घालून दळत होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आहेत. लाखभर ओव्या! एवढं गरम पातेलं त्या बायकांनी कुणाच्या हातात न देता ओवीत उतरवून ठेवलं. आपल्याकडे जातं राहिलं नाही. पण भजनी मंडळ आहे, विणकाम आहे, कुंड्यांतली माती आहे, नाहीतर साधी वही आहे.

तीन रकाने

वहीवरून आठवलं. हिशेबाची वही आपण लिहितोच. तिच्या मागच्या पानावर पंधरा दिवस तीन रकाने आखून बघा.

१. आज मनाला काय लागलं?
२. त्यानंतर मी काय केलं?
३. ते कुणाला भोगावं लागलं?

उदाहरणार्थ: मंगळवार. बँकेत साहेब चारचौघांत बोलले. घरी येऊन दूध सांडलं म्हणून आरडाओरडा. धाकटीला. किंवा: गुरुवार. डॉक्टरांनी सांगितलेली रक्ताची तपासणी पुन्हा पुढं ढकलली. माझ्या तब्येतीला. एका ओळीपेक्षा जास्त लिहू नका. स्वतःला रागावूही नका, वाण्याचा हिशेब लिहावा तसं लिहा. पंधरा दिवसांनी तिसरा रकाना वरपासून खाली वाचा. एकच नाव वारंवार दिसलं, तर कुठून सुरुवात करायची ते वहीनंच सांगितलं म्हणायचं.

दुसऱ्याचं फडकं ओढू नका

हे सगळं वाचून एक मोह होईल, तो आवरायला हवा. नवऱ्याला, जावेला, आईला लगेच सांगू नका, "तुम्ही ना, नकार करताय! हे तुमचं प्रक्षेपण आहे!" गरम पातेलं धरलेल्या माणसाचं फडकं ओढलं तर तो भाजतो, नाहीतर पातेलं टाकतो. नोकरी गेलेला नवरा चार दिवस घरात सांगत नाही, डबा घेऊन वेळेवर बाहेर पडतो. तुम्हाला ते कळलं, तर "मला फसवलंत" ह्या वाक्यानं सुरुवात करू नका. "अहो, चार महिने कसं भागवायचं ते मी मांडून बघितलंय, बसूया का?" असं म्हणून बघा. आधी पातेलं ठेवायला जागा करून द्यायची. मग माणूस आपणहून खाली ठेवतो.

आणि काही पातेली एकटीनं उतरवण्यासारखी नसतातच. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असं दोन आठवड्यांवर चाललं असेल, किंवा जगणं नको असा विचार एकदा जरी आला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. ताप आल्यावर जातो तसंच जायचं. गावात कुणी नसेल तर सरकारची 'टेली-मानस' ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्री लावला तरी चालतो, आणि मराठीत बोलता येतं.

वही आज रात्रीच आखा. आणि गेल्या काही महिन्यांत "मला काय धाड भरलीय" असं म्हणून काही पुढं ढकललं असेल, तर तिसऱ्या रकान्याची वाट बघू नका. उद्या सकाळी डॉक्टरांची वेळ घ्या.